एका मित्राच्या संग्रहातून

२० जुलै २०२५, रविवार. देवास

पार्सल बेंगळुरूहून निघालंय. बुधवारपर्यंत पोचेल असं फोनवर दाखवतंय. दिवसातून सहा वेळा बघतो. कल्पना म्हणाली, "चिऊच्या बारावीच्या निकालाला एवढा जीव वरखाली झाला नव्हता तुमचा." बायको काहीही बोलते. चिऊचा निकाल चांगला लागणार हे मला माहीत होतं. रेकॉर्ड कशी निघेल ते माहीत नाही.

पुढेमागे ही डायरी कोणाच्या हाती पडली तर कळावं म्हणून थोडं सविस्तर लिहितो. 'तीसरी पाली', म्हणजे तिसरी पाळी, हा आमच्या देवासचा बँड. चार पोरं, चौघांचे वडील महाराष्ट्रातून इथल्या कारखान्यांत नोकरीला आलेले. गाणी हिंदीत, मध्येच माळवी. २००४ च्या दिवाळीत त्यांनी 'स्टाफ क्वार्टर' नावाचा एकच अल्बम काढला. दोनशे सीडी. त्यातल्या निम्म्या अजेयच्या पलंगाखाली धूळ खात पडल्या. मग बँड मोडला. आणि दहा-बारा वर्षांनी कुठकुठल्या शहरांतली पोरं ती गाणी नेटवर शोधायला लागली. आता बेंगळुरूची एक छोटी कंपनी त्याची डिलक्स आवृत्ती काढते आहे. दोन मोठ्या तबकड्या, जाड पुठ्ठ्याचा बॉक्स, छत्तीस पानी पुस्तिका. पहिल्या तबकडीवर मूळ अल्बम, दुसरीवर सरावाच्या जुन्या टेप्स.

त्या टेप्स माझ्या. मी गात नव्हतो, वाजवत नव्हतो. गायचा अजेय, आमच्या शेजारच्या क्वार्टरमधला, माझ्या आईच्या हातचं जेवून मोठा झालेला. पण टेपरेकॉर्डर आमच्याकडे होता आणि प्रत्येक सराव मी भरून ठेवायचो. अकरा कॅसेट, एक ते अकरा नंबर घातलेल्या. एकवीस वर्षं त्या माझ्या स्टीलच्या कपाटात होत्या, ओल लागू नये म्हणून औषधाच्या डब्यांतल्या पांढऱ्या पुड्या घालून. डिसेंबरात अजेय स्वतः येऊन घेऊन गेला. म्हणाला, "भिया, तू न होता तो कुछ भी नहीं बचता." हे वाक्य मी त्याच दिवशी डायरीत उतरवलं होतं.

बॉक्स दोन मागवलेत. एक उघडायचा, एक सीलबंद ठेवायचा. संग्रह करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बायकोला लागतं.

संध्याकाळी धारहून मेधाचा फोन. श्रावण तोंडावर आला की माझी बहीण तो विषय काढतेच. आम्ही दोघं हिंदी शाळेत शिकलो. माझं मराठी आईनं कान धरून पक्कं करून घेतलं, मेधाच्या वेळेपर्यंत ती दमली होती. आई धारची, तिच्याकडचं कहाण्यांचं मराठी फार जुनं. पुस्तकातून वाचायला गेली की मेधा दर ओळीला अडते. म्हणून २००२ च्या श्रावणात आईनं जिवतीच्या आणि आदितवारच्या कहाण्या स्वतःच्या आवाजात एका कॅसेटवर भरून ठेवल्या. लग्नानंतर मेधानं पूजा मांडावी, कॅसेट लावावी आणि हातात अक्षता घेऊन ऐकावं. दीड वर्षानं आई गेली. क्वार्टर सोडताना ती कॅसेट सामानात गहाळ झाली. दर वर्षी हेच सांगतो, या वर्षीही सांगितलं.

"नीट शोधली होतीस ना रे दादा?" म्हणाली. आता किती वेळा शोधायचं माणसानं.

२३ जुलै, बुधवार

आलं. बॉक्स उत्तम. आमच्या कारखान्याच्या क्वालिटी विभागातून पास झाला असता. कोपरे चेपलेले नाहीत, तबकड्या टॉर्चखाली फिरवून पाहिल्या, ओरखडा नाही.

मग पुस्तिका काढली. पान चौतीस, आभार. मी तीन वेळा वाचलं. चौकातल्या पोहेवाल्या रघुजीचं नाव आहे, सरावानंतर तो पोहे खायला घालायचा म्हणून. गॅरेज वापरू देणाऱ्या गोपाळरावांचं नाव आहे. अजेयच्या कुत्र्याचं नाव आहे. त्या कुत्र्याचं, ज्यानं माझी चप्पल खाल्ली होती.

आणि शेवटी एक ओळ: सराव के टेप, एक मित्र के संग्रह से. एका मित्राच्या संग्रहातून.

एक मित्र. जणू वाटेत भेटलेला कोणीतरी.

चिऊनं विचारलं, "पप्पा, आपका नाम किधर है?" मी म्हटलं, असेल पुढे. पुढे फक्त छापखान्याचा पत्ता होता.

दुसरी तबकडी लावलीच नाही. हात लावावासा वाटला नाही.

२४ जुलै, गुरुवार

ड्युटीवर लक्ष नव्हतं. एक खराब लॉट हातून पुढे जाणार होता, ज्युनियरनं पकडला. लाज वाटली.

अजेयला लिहिलं, "एक मित्र? बस इतना?" त्याचं उत्तर आलं, "फोन पे बात करते हैं भिया. वजह है." वजह कसली. त्याला आता मोठ्या शहरातले लोक मुलाखती घ्यायला येतात. त्याला देवासचं क्वार्टर, मागच्या अंगणातला नळ, माझ्या आईनं वाढलेली आमटी, काही नको आहे. फक्त टेप्स हव्या होत्या. तीनदा त्याचा फोन आला, तिन्ही वेळा मी कापला. कापताना बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मग सरळ कंपनीला मेल केला. सभ्य शब्दांत, पण कडक.

२५ जुलै, शुक्रवार

कंपनीतून प्रियांका नावाच्या मुलीचं उत्तर. फार नम्र मुलगी आहे. माफी मागितली. म्हणाली, तुमची ओळ लिहून पाठवा. वेबसाइटवर पुढच्या शुक्रवारी बदलू, दुसऱ्या छपाईत पुस्तिकेतही घालू. फक्त एकदा अजेय सरांना विचारून घेते.

मी कळवलं की अजेयला विचारायची काही गरज नाही. टेप्स माझ्या मालकीच्या आहेत. नाहीतर परत मागवीन.

ओळ करायला तास गेला. शेवटी हे पाठवलं: "सभी टेप. मूल रिकॉर्डिंग और इक्कीस वर्षों का संरक्षण: अंबरीश खळदकर, देवास." 'सभी' शब्द मुद्दाम घातला. नाहीतर उद्या म्हणतील, दोन-चार याच्या होत्या.

आज श्रावण लागला, आपला. आजूबाजूच्या हिंदी घरांचा पंधरा दिवसांपूर्वीच लागलाय. कल्पनानं जिवतीचा कागद भिंतीला लावला.

२९ जुलै, मंगळवार

पहिल्या पाळीहून घरी आलो तर चिऊनं दुसरी तबकडी लावलेली. मला न विचारता. रागावणार होतो, पण सराव ऐकू आला आणि दारातच उभा राहिलो. अजेयचा तेव्हाचा आवाज, कोवळा, वरच्या पट्टीत फाटणारा. मधेच मी कोणालातरी म्हणतोय, "पंखा बंद कर, खडखड येतीये." मला हसू आलं. सहा दिवसांत पहिल्यांदा.

मग शेवटचं गाणं संपलं. खट् असा आवाज आला, आणि चिऊ म्हणाली, "पप्पा, ये कोई आंटी मराठी बोल रही है. मेधा आत्या का नाम ले रही है."

एक्केचाळीस सेकंद. नंतर घड्याळ लावून मोजले. आधी कहाणीचं एक अर्धं वाक्य. मग थांबून, घरच्या आवाजात: "मेधे, अक्षता एवढ्यात टाकू नकोस हं. मूठ घट्ट ठेव. कहाणी पुरी झाली की मग. तुला मेलीला नेहमी घाई." मग एक खोकला. मग, "आता हे बंद कुठनं करायचं गं?"

चिऊनं तिच्या आजीचा आवाज कधी ऐकलेला नाही. ती मला विचारत होती, कोण आहे, कोण आहे. मी पाणी प्यायला आत गेलो.

पुस्तिकेत पाहिलं. दुसरी तबकडी, शेवटचा तुकडा: "अज्ञात स्त्री, मराठी पाठ."

अज्ञात! ज्या बाईनं याला दहा वर्षं जेवायला घातलं ती अज्ञात. मला एक मित्र केलं ते एक वेळ सोडून देऊ. माझ्या आईला? हा विश्वासघात आहे, याला दुसरा शब्द नाही.

लिहायचं तर सगळं लिहायला हवं. कॅसेट क्रमांक सात. २००३ च्या ऑक्टोबरात एका रविवारी सराव जोरात जमला होता, नवं गाणं तयार होत होतं आणि माझ्याकडची कोरी कॅसेट संपली. दुकानं बंद. मी घरी पळत गेलो आणि देवघराच्या खणातून आईची कॅसेट उचलली. एक बाजू वापरू, दुसरी राहील असं वाटलं होतं. दोन्ही बाजू भरल्या. पोरांत फक्त अजेयनं ओळखलं, खोक्यावर आईचं अक्षर होतं. त्याला मी टेकरीवर नेऊन देवीची शपथ घातली होती, कोणाला सांगायचं नाही. आईकडून कहाण्या पुन्हा भरून घ्यायच्या असं माझ्या मनात होतं. पण जानेवारीत ती आजारी पडली आणि मार्चमध्ये गेली. वेळच मिळाला नाही.

सगळं पुसलं गेलं असं मी समजत होतो. दुसऱ्या बाजूच्या शेवटी एवढं उरलंय हे मला माहीत नव्हतं, कारण सात नंबर मी नंतर कधी लावलीच नाही. डिसेंबरात ती बाजूला काढून ठेवायला हवी होती. पण एक ते अकरामध्ये सात नाही, हे बघवलं नसतं.

३० जुलै, बुधवार

अजेयचा फोन घेतला. आधी मीच सुटलो. दहा मिनिटं बोललो असेन. तू मोठा झालास, तू विसरलास, माझ्या आईला अज्ञात म्हणतोस, थोडी तरी चाड ठेव. 

मग तो म्हणाला, "हो गया? अब सुन. जनवरी में मैंने तेरे को ये टुकड़ा भेजा था. पूछा था, काकूंचा आवाज आहे, ठेवू का? तूने अंगूठा भेजा."

मोबाइलवर मागे जाऊन पाहिलं. आहे. त्या आठवड्यात कारखान्यात ऑडिट होतं. न ऐकताच अंगठा पाठवला होता.

"मग नाव का नाही टाकलं?" मी म्हटलं.

"कसम तूने ही तो खिलाई थी, भिया. काकूंचं नाव टाकलं असतं, तर मेधा विचारणार, हे गाण्यांच्या टेपवर कुठून आलं. तेरा नाम डालता तो समझ जाती कि टेप किसके पास था. इसलिए दोनों नहीं डाले. पर मिटा कैसे देता यार? मेरे को लगा, मेधा तक काकू पहुँच जाए और तू बीच में न आए."

मी म्हटलं, "हे मला आधी सांगायचं होतंस."

"तीन बार फोन किया," तो म्हणाला.

त्याचंही बरोबर असेल. तरी त्यानं माझ्यासाठी परस्पर ठरवलं हे मला पटलेलं नाही. मेधाला मीच सांगणार. शुक्रवारी सुट्टी टाकली आहे, धारला जातो. समोरासमोर सांगितलेलं बरं. बॉक्सही नेतो, उघडलेला.

१ ऑगस्ट, शुक्रवार. धार

सकाळच्या बसनं आलो. इंदूरला बस बदलताना काय बोलायचं ते तीनदा म्हणून पाहिलं.

मेधाच्या घरात पाऊल टाकलं आणि आईचा आवाज आला. पियूषनं, म्हणजे तिच्या मुलानं, मंगळवारीच गाणी फोनवर उतरवली होती. मामाचा अल्बम म्हणून. मीच महिनाभर सगळ्यांना सांगत होतो ना, नक्की ऐका म्हणून.

जिवतीची पूजा मांडली होती. मेधा पाटावर बसली होती, मुठीत अक्षता. कहाणी तिनं पुस्तकातून वाचली, अडत अडत, आणि शेवटाकडे आल्यावर पियूषला खूण केली. त्यानं तेवढा तुकडा लावला. मूठ घट्ट ठेव. तिनं ठेवली. सगळं संपल्यावर अक्षता वाहिल्या आणि पदरात तोंड घालून रडली. पियूषला काय करावं कळेना, तो नुसता उभा राहिला. मीही.

मग पुरणाच्या दिव्यांनी तिनं पियूषला ओवाळलं, आम्हाला जेवायला वाढलं, आणि म्हणाली, "दादा, सरावाच्या टेप्स अजेयकडेच असणार, त्यानंच चोरली होती बघ कॅसेट. आणि आपण वेड्यासारखे सामानात शोधतोय. दर वर्षी मी राखी पाठवली की बाईसा, माझी बहीण, म्हणून कौतुक सांगायचा. आणि आई त्याच्या पेटीत."

मी म्हणालो, "मेधा, ऐक जरा."

"काय ऐकू? तुला सांगते, तू भोळा आहेस. पहिल्यापासून तुला वापरलं त्यानं."

हे वाक्य गेले आठ दिवस मी स्वतःशी म्हणत होतो. तिच्या तोंडून ऐकलं आणि बरं वाटलं. म्हणून मी एक क्षण गप्प बसलो, आणि तेवढ्यात तिनं त्याला फोन लावला. स्पीकरवर.

"अजेय, आईची कॅसेट तुझ्याकडे होती?"

तिकडून उत्तर आलं, "हां मेधा. मेरे पास रह गई थी. गलती हो गई."

"आणि बाकीची कहाणी? पूर्ण साठ मिनिटं भरली होती आईनं."

"उस पे गाने भर गए."

"कोणी भरले?"

मी ताटाकडे बघत होतो. घास तोंडात होता. गिळायला एवढा वेळ लागत नाही.

"मैंने," तो म्हणाला.

मेधा म्हणाली, "नऊ तारखेला राखी यायची नाही. यापुढे कधीच नाही." आणि ठेवला.

मला तिनं पुरणाचं आणखी एक दिंड वाढलं. मी खाल्लं.

२ ऑगस्ट, शनिवार. देवास

सकाळी उठून पहिलं काम केलं. प्रियांकाला मेल: माझी ओळ घालू नये, आहे तेच राहू द्यावं, एका मित्राच्या संग्रहातून.

नीट विचार केला आहे. अजेयनं स्वतःहून अंगावर घेतलं, मी सांगितलं नव्हतं. तो लांब राहतो. त्याला सख्खी बहीण आहे. मला एकच आहे, आणि तिला वाटतं मी भोळा आहे. सांगून कोणाचं भलं होणार? आई परत यायची नाही. कहाणी परत यायची नाही. मेधाला तिचे एक्केचाळीस सेकंद मिळाले. अजेयला मेसेज केला, "थैंक्स यार." त्यानं वाचलाय. 

कल्पनाला सगळं सांगितलं, तिचं म्हणणं विचारलं. ती कणीक मळत होती. "तुम्हाला काय करायचं ते तुम्ही करून आलात की," म्हणाली.

५ ऑगस्ट, मंगळवार

प्रियांकाचं उत्तर काल आलं. शनिवार-रविवार त्यांचं ऑफिस बंद असतं. ओळ ठरल्याप्रमाणे शुक्रवारीच वेबसाइटवर लागली आहे, दुसऱ्या छपाईलाही गेली आहे. शेवटी लिहिलंय, आता आपलं समाधान झालं असेल अशी आशा आहे.

मेधाचा फोन आज साडेअकराला आला, मी लाइनवर असताना. बाहेर येऊन घेतला. तिनं मला माझी ओळ वाचून दाखवली. हिंदी ती न अडता वाचते. "सभी टेप," ती म्हणाली. "सगळ्या तुझ्याकडे होत्या?"

"हो."

"मग अजेय खोटं का बोलला?"

"माझ्यासाठी."

मला वाटलं ती ओरडेल. मी तयार होतो. ऑक्टोबरातला तो रविवार, संपलेली कॅसेट, बंद दुकानं, सगळं सांगितलं, न थांबता. वय लहान होतं, कळत नव्हतं, पुन्हा भरून घेणार होतो पण वेळ मिळाला नाही, हेही सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, ओळ वाचली तेव्हाच, तुझ्या आधी, अजेयला फोन करून माफी मागितली. मग म्हणाली, "दादा, होळीच्या आधी आई पलंगावर उठून बसली होती. म्हणाली, जरा बरं वाटतंय, आवाज आहे तोवर मेधेसाठी एकदा पुन्हा भरून ठेवते, जुनीत खोकला फार आलाय. तू दारात उभा होतास. म्हणालास, जुनी छान आहे, मी कालच ऐकली, उगाच दमू नकोस. मी तिथंच मटार सोलत बसले होते. मला वाटलं, किती काळजी आहे याला आईची."

 आत मशीन चालू होती.

"तेव्हा त्या कॅसेटवर गाणी होती ना?"

"हो," मी म्हणालो.

तिनं फोन ठेवला.

हे मी मागच्या मंगळवारी इथे लिहिलं नव्हतं. आठवत नव्हतं असं नाही.